दोन क्लिक डावीकडे

भिलाईत विकत आणलेली वस्तू तशीच्या तशी वापरायला घेत नाहीत. तसं करणारा माणूस आळशी समजला जातो. मिक्सर आणला की आधी तो पालथा घालून त्याचे स्क्रू आवळायचे. फ्रीज आला की त्यावर स्पिरिट लेव्हल ठेवायची. पंखा लावणारा मिस्त्री फाटकाबाहेर पडला की आपण स्टुलावर चढायचं आणि खाली उतरून गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, "फिटिंग बरोबर नाही." ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तेव्हापासून या गावात फिटर, टर्नर, वेल्डर, रिगर आणि या सगळ्यांना रागावणारे फोरमन यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. प्लांट माणसाला साठाव्या वर्षी हारतुरे देऊन घरी पाठवतो, पण हातातला पाना काढून घेत नाही.

मी अकाउंट्समधला. कॉलनीत माझ्या मताला टॉर्च धरण्यापुरतीच किंमत आहे. मला वस्तू उघडता येत नाही, त्यामुळे ती बंद करण्याची जबाबदारीही माझ्यावर येत नाही, आणि पाहायला भरपूर वेळ मिळतो. शेजारच्या काकांच्या बंदुकीला नेम धरायची दुसरी साइट बसवण्याचं काम सुरू झालं, ते मी असंच टॉर्च धरून पाहिलं.

काका रेल मिलचे. आयुष्य रुळांत गेलं. नव्या मिलमधून १३० मीटरचा अखंड रूळ निघतो आणि जोडून २६० मीटरचं पॅनल होतं, हे ते पाहुण्यांना चहा येण्यापूर्वी सांगतात. इतकं लांबलचक काम करून निवृत्त झालेल्या माणसाच्या नशिबी पुढं अर्ध्या मिलिमीटरचं काम आलं. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका नेमका ०.५ मिलिमीटरचा असतो. त्यावर मारायचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "छापणाऱ्यानं चूक केली असंल."

हे सगळं नातीमुळं. ती अकरावीत, एनसीसीत. कॅम्पात पंचवीस मीटरवरून पॉइंट टू-टू रायफल झाडून आली आणि तिथं तिच्या गोळ्या एकमेकींच्या जवळ लागल्या, असं कोणा सुभेदारांनी म्हटलं. त्यात १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, नोकरी तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासण्याची. काकांना तो तत्काळ घरचा वाटला. तिकीट तपासनीस ज्या रुळांवरून फिरतो ते रूळ कोणाचे, हा त्यामागचा हिशेब. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियालाच थांबते आणि भिलाईपर्यंत येत नाही, याबद्दल त्यांनी त्या दिवशी रेल्वेला जोरदार दोष दिला. महिनाभरात घरात एअर रायफल आली.

पॉइंट टू-टू का नाही, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. हे आमच्या लेनमधले, सीआयएसएफमधून निवृत्त. पॉइंट टू-टूला परवाना लागतो, परवान्याला कलेक्टर कचेरी लागते, कचेरीला चपला लागतात आणि निवडणूक जाहीर झाली की हत्यार ठाण्यात नेऊन जमा करावं लागतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतचं बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. आणि आपल्याकडच्या रायफलवाल्यांपैकी कितीतरी जणांनी दहा मीटरच्या हवेवरच नाव काढलं आहे. अंजली भागवत मुंबईत कॉलेजच्या एनसीसीतून वर आल्या आणि २००० साली सिडनीत दहा मीटरच्या अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूरनं २००४ साली ४०० पैकी ४०० केले. ही नावं नातीनं भिंतीवर लावली. काकांनी त्याखाली खिळे सरळ रेषेत आहेत की नाहीत ते पाहिलं.

बंदूक साधी होती. नळी मधोमध मोडायची, छर्रा घालायचा, परत सरळ करायची. तिला कंपनीची उघडी साइट होती: मागं खाच, पुढं दांडी. नेम धरायचा म्हणजे खाच, दांडी आणि टार्गेट या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एकाच वेळी स्पष्ट पाहायच्या. माणसाच्या डोळ्याला ते कधीच जमत नाही, आणि साठीनंतरचा डोळा तर खाच दिसली की टार्गेट सोडून देतो. नातीचं तसं नव्हतं, तिला बऱ्यापैकी दिसत होतं. पण तिला हवी होती स्पर्धेत असते तशी, भोकाची. मागं एक मिलिमीटरच्या आसपास छिद्र असलेली चकती, पुढं नळकांडं आणि त्यात एक बारीक कडं. जर्मन लोक तिला डायऑप्टर म्हणतात. कॉलनीनं तिला दुसऱ्याच दिवशी 'पीप' म्हणायला सुरुवात केली आणि चार दिवसांनी 'पाइप'.

या भोकाची गंमत अशी, की त्याच्याकडे पाहायचंच नसतं. त्यातून पाहायचं. चष्मा सापडत नसला की काकू मूठ आवळून तिच्या फटीतून कॅलेंडरवरची चतुर्थी शोधतात, तोच प्रकार. बारीक छिद्रातून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं, आणि डोळा आपोआप छिद्राच्या मध्यावर जातो, कारण सर्वांत जास्त उजेड तिथं असतो. पुढच्या कड्याच्या आत टार्गेटचा काळा गोल बसवायचा, त्याच्याभोवती पांढरी कड सगळीकडून सारखी दिसली की घोडा दाबायचा. एका गोलात दुसरा गोल जरा जरी सरकला तरी डोळ्याला ते लगेच खटकतं. थोडक्यात, हे यंत्र चाललं पाहिजे असं वाटत असेल तर माणसानं मध्ये फार काही करायचं नसतं. आणि ते आलं होतं भिलाईत.

पार्सल आलं रविवारी. म्हणजे सगळे घरी. खरं तर सगळे रोजच घरी असतात, पण रविवारी ते अधिकृत असतं. काकांनी व्हरांड्यातल्या टेबलावर पेपर पसरला. लेथवाले मामा स्वतःचं व्हर्निअर घेऊन आले, दुसऱ्याच्या व्हर्निअरवर त्यांचा विश्वास नाही. हवालदारसाहेब आले. पलीकडच्या क्वार्टरमधले ओडिया दादा आले. ते तीस वर्षं क्रेनवर होते, त्यामुळे कुठलंही काम जरा उंचावरून पाहायची त्यांना सवय. खोक्यात मागची साइट, पुढचं नळकांडं, एका डबीत कड्यांचा सेट, दोन ॲलन की आणि एक घडीचा कागद होता. कागद कोणीच वाचला नाही. कागद वाचून बसवायचं तर मग आयुष्यभर केलं काय?

पहिलाच घोळ रेलचा. काकांपुढं 'रेल' म्हटलं की फार जपून बोलावं लागतं. बंदुकीच्या पाठीवर साइट अडकवायला दोन तिरक्या खाचा असतात, त्यांच्यातल्या रुंदीला डव्हटेल म्हणतात, आणि ती ११ मिलिमीटरची असायला हवी. मामांनी व्हर्निअर लावलं. पुढं एक माप, मागं दुसरं, मधे तिसरं. व्हर्निअर काकांकडे गेलं, काकांनी लेन्स मागवली. माप तेच. काकांचा चेहरा पडला. पाव किलोमीटरच्या रुळात जे कधी झालं नाही ते वीतभर रेलमध्ये झालं होतं. "ह्याला इन्स्पेक्शननं पास केलं तरी कसं?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कात्रीनं कापून त्याची शिम केली. साइट घट्ट बसली. टाळ्या वाजल्या. काकू आतून म्हणाल्या, "जेवून घ्या आता. बंदूक काय पळून नाही चालली."

छर्रे अडवायला पेटी करायची होती, त्यावर वेगळी बैठक झाली. दहा मिलिमीटरची पोलादी प्लेट लावावी, असं सर्वानुमते ठरणार होतं, कारण प्लेट तीन जणांच्या घरी पडलेली होती. (का पडलेली होती, हे अकाउंट्सच्या माणसानं विचारू नये.) पण सपाट पोलादावर शिशाचा छर्रा आपटून मारणाऱ्याकडेच परत येऊ शकतो, असं नातीनं सांगितलं. मग लाकडी पेटीत जुन्या चादरी, रद्दी आणि पुठ्ठा ठासून भरला आणि ती मागच्या अंगणाच्या भिंतीला टेकवली. या गावात लोखंडाला नको म्हणण्याचा तो विरळा प्रसंग. दहा मीटर मोजले तर बंदूक व्हरांड्यात आली आणि पेटीच्या अगदी वर, भिंतीच्या अलीकडं, काकूंची पपई आली. डोळ्यांवर चष्मे चढवा, कोणी पुढं जायचं नाही, कपडे वाळत असले तर फायरिंग बंद, असे नियम हवालदारसाहेबांनी केले. शेवटचा काकूंनी केला होता, पण जाहीर त्यांनी केला.

पहिला छर्रा कुठं गेला ते कळलं नाही. दुसरा पपईत गेला. हिरव्या सालीवर बारीक भोक पडलं आणि त्यातून पांढरा चीक ओघळायला लागला. सगळे पेटीपर्यंत चालत गेले, टार्गेटचा कोरा कागद पाहिला, मग मान वर करून पपई पाहिली, आणि मामा म्हणाले, "ग्रुपिंग चांगलं आहे." एका छर्र्याचं ग्रुपिंग नेहमीच चांगलं असतं.

छर्रे वर जातायत, म्हणजे साइट खाली आणायची. तिच्या डोक्यावर एक खुंटी होती, फिरवली की टिक्-टिक् वाजणारी. त्यावर बाण आणि दोन अक्षरं: एका बाजूला एच, दुसऱ्या बाजूला टी. एच म्हणजे हाय, यावर एकमत झालं. मग टी? ओडिया दादांनी विचार करून सांगितलं, "टॉप." आता एका बाजूला फिरवलं तर हाय आणि दुसऱ्या बाजूला फिरवलं तर टॉप, म्हणजे या यंत्रात खाली यायची सोयच नव्हती. हवालदारसाहेब म्हणाले, हाय तो ऊपर हुआ, इसलिए टी घुमाओ. टीकडे बारा टिक्-टिक् झाले. पुढचा छर्रा पपईच्याही वर, देठाजवळ.

खरी गोष्ट त्या न वाचलेल्या कागदावर होती. साइटची पद्धत जर्मन. एच म्हणजे होख, उंच. टी म्हणजे टीफ, खोल. आणि त्यांच्या पद्धतीत बाण गोळी कुठं न्यायची हे सांगत नाही, गोळी कुठं गेली आहे हे विचारतो. उंच गेली असेल तर एचकडे फिरव, ती खाली येईल. उजवीकडे गेली असेल तर बाजूच्या खुंटीवर आरकडे फिरव, डावीकडे येईल. इंग्रजी वळणाच्या साइटवर याच्या बरोबर उलटं असतं, तिथं 'अप' लिहिलं की गोळी वरच जाते. दोन देशांनी एकाच खुंटीवर दोन स्वभाव कोरून ठेवलेत. एक म्हणतो, काय हवं ते सांग. दुसरा म्हणतो, आधी काय चुकलं ते कबूल कर. हे नातीनं वाचून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "रशियन लोकांचं असं नव्हतं." प्लांट रशियाच्या मदतीनं उभा राहिला, त्यामुळे कुठल्याही देशाची यंत्रसामग्री आली की काका हे वाक्य म्हणतात. वॉशिंग मशीनच्या वेळीही म्हणाले होते.

एचकडे शेवटपर्यंत फिरवलं. खुंटी अडली, टिक्-टिक् संपलं, आणि तरीही छर्रे २० सेंटिमीटर वर. इथं मात्र मला काकांचं कौतुक वाटलं. त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, मागच्या भोकापासून पुढच्या कड्यापर्यंतचं अंतर टेपनं घेतलं, ७० सेंटिमीटर, आणि शाळेतलं त्रैराशिक मांडलं. दहा मीटरवर २० सेंटिमीटर, तर ७० सेंटिमीटरवर किती? १४ मिलिमीटर. दोष मागच्या साइटचा नव्हताच. ती जुन्या खाचेपेक्षा उंच होती आणि पुढचं नळकांडं जुन्याच जागी, नळीला चिकटून बसलं होतं. मागचं उंच आणि पुढचं ठेंगणं असलं की दोन्ही एका रेषेत आणताना नळीचं तोंड वर होतं, आणि छर्रा पपईकडे निघतो. पुढचं नळकांडं १४ मिलिमीटरनं उचललं की झालं. दुसरी साइट घेणारे पुष्कळ लोक इथंच अडकतात. मागचा भाग हौसेनं आणतात, पुढच्याचा विचार करत नाहीत, आणि मग बंदुकीला नावं ठेवतात.

१४ मिलिमीटरचा ठोकळा. चौदा मिलिमीटर! व्हरांड्यात एकदम तरतरी आली. पीप-बीप ठीक होतं, पण आता खरं काम निघालं होतं. धातू कोणता, यावर आठवडा गेला. काकांना अर्थातच रुळाचं पोलाद हवं होतं. मामा म्हणाले, पितळ, मशीनला गोड. नातीचं म्हणणं, नळीच्या टोकाला वजन नको, ॲल्युमिनिअम घ्या. ॲल्युमिनिअम! ते तर कोरब्याचं, बाल्कोचं. भिलाईच्या घरात बंदुकीच्या शेंड्यावर कोरब्याचा ठोकळा बसवायचा, याला काकांची तयारी होईना. "लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे आम्ही पाच जण. शेवटी नात जिंकली. आजोबाला कसं जिंकायचं हे नातीला कुठल्या कॅम्पात शिकवावं लागत नाही. मामांनी नंदिनी रोडवर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ठोकळा काढून आणला. वरच्या अंगाला डव्हटेल, खालच्या अंगाला नळीच्या गोलाईचा खोलगटपणा, दोन बाजूंना ग्रब स्क्रू. वर्कशॉपमधल्या छत्तीसगढी पोरानं तो नळीवर ठेवून अंगठ्यानं दाबला, डोलत नाही असं पाहिलं आणि म्हणाला, "बने बइठगे." मामा सांगतात, एवढं चांगलं सर्टिफिकेट त्यांना प्लांटनं कधी दिलं नव्हतं.

छर्रे कागदावर आले. पपई सुटली. म्हणजे झाडावरून सुटली, कारण काकूंनी ती उतरवून फेकली. शिसं लागलेली पपई कोण खाणार, असं त्या म्हणाल्या आणि संध्याकाळी चहात साखर घातली नाही.

पुढं कड्यांची भानगड. डबीत ०.१ मिलिमीटरच्या फरकानं वाढत जाणारी कडी होती, २.८ पासून पुढं. आपापलं कडं ज्यानं त्यानं निवडायचं. ज्येष्ठ मंडळींनी एका आवाजात २.८ घेतलं. टॉलरन्स कमी तर काम चोख, हे त्यांच्या रक्तात आहे. कडं घट्ट असलं की काळ्या गोलाभोवतीची पांढरी कड इतकी बारीक होते की ती एकदा डावीकडून गायब होते, एकदा खालून, आणि पाहणारा ती शोधत राहतो. श्वास रोखून धरतो, डोळ्यात पाणी येतं, बोट आखडतं आणि मग छर्रा सुटतो तो वैतागून. काकांनी पाच छर्रे असे मारले. पाचही कागदावर होते, पण एकमेकांशी त्यांची ओळख नव्हती. नातीनं ३.८ चं कडं घातलं. भोवती भरपूर पांढरं. मामांना ते सैल वाटलं, "इतना प्ले?" ते हळहळले. तिनं पाच छर्रे मारले, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे. मामांनी नाणं ठेवून पाहिलं. मग नाण्याचा व्यास मोजला.

हवालदारसाहेबांची एक वेगळीच अडचण होती. एसएलआरलाही मागं भोकच असतं, इन्सासलाही. त्यामुळे या व्हरांड्यात भोकातून नेम धरण्याचा सरकारी अनुभव असलेले ते एकटे. त्यांनी शिकवलं, बट खांद्यात खेचून धरा, मूठ आवळा. एसएलआरला ते ठीक. स्प्रिंगच्या एअर रायफलचा स्वभाव निराळा. आतला पिस्टन धावतो तेव्हा बंदूक मागं हिसका देते, तो पुढं जाऊन हवेच्या उशीवर आदळतो तेव्हा पुढं, आणि छर्रा अजून नळीतच असतो. तिला आवळून धरलं की ती बिथरते. हातावर नुसती टेकवून ठेवायची आणि तिला हवा तेवढा उसळायला वाव द्यायचा. हवालदारसाहेबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हमारे यहाँ ऐसी बंदूक को लाइन हाजिर कर देते."

याच दुहेरी हिसक्यानं मागची साइट रोज केसभर मागं सरकायची. पंधरा दिवसांनी नात म्हणाली, भोक डोळ्याजवळ येतंय. कोणी मानेना. रेलवर पेन्सिलनं खूण केली, वीस छर्रे मारले, खूण उघडी पडली. मग साइटच्या मागं अडसर म्हणून छोटी पिन आली, पिनेसाठी भोक आलं, भोकासाठी ड्रिल आलं, आणि व्हरांड्यात परत बैठक बसली. मला टॉर्च धरायला बोलावलं. दिवसाचे अकरा वाजले होते. तरी धरला.

पण सगळ्यांत मोठी अडचण यंत्रात नव्हती, खुंटीत होती. टिक्-टिक् वाजणारी कुठलीही गोष्ट भिलाईच्या माणसाच्या हाताशी ठेवू नये. चहा घ्यायला आलेला माणूस बंदूक उचलायचा, भोकातून पेटीकडे पाहायचा, "अच्छा है" म्हणायचा आणि जाता जाता दोन क्लिक फिरवायचा. कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. रेडिओ जरा इकडे-तिकडे करतात त्यातला प्रकार म्हणावा, तर इथं रेडिओ चांगला लागलेला असायचा. मामा डावीकडे दोन, ओडिया दादा वर एक, काका सकाळी उठून सगळं 'झीरो'वर, आणि झीरो कुठं हे प्रत्येकाचं वेगळं. संध्याकाळी क्लासहून आलेली नात पहिला छर्रा मारायची आणि मागं वळून व्हरांड्यातल्या खुर्च्यांकडे पाहायची. सगळे पेपर वाचत असायचे.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्रा दहा मीटरच्या अंतिम फेरीला उभा राहिला तेव्हा त्याची सरावाची गोळी भलतीकडेच लागली होती. कोणीतरी आपल्या बंदुकीला हात लावला असावा, असा संशय त्यानं पुढं आत्मचरित्रात लिहून ठेवला. त्यानं तिथल्या तिथं साइट परत जागेवर आणली आणि सुवर्णपदक जिंकलं. ही गोष्ट नातीनं एका संध्याकाळी मुद्दाम मोठ्यानं सांगितली. सगळ्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. "कैसे-कैसे लोग होते हैं," मामा म्हणाले, आणि त्यांचा हात खुंटीवर होता.

मधे एका निवडणुकीची आचारसंहिता लागली. एअर रायफल जमा करावी लागत नाही, हे काकांना ठाऊक होतं. पण पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात काढलेला माणूस ठाऊक असलेल्या गोष्टीचाही शिक्का मागतो. ते, हवालदारसाहेब आणि मी, बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यात गेलो. चादरीत गुंडाळण्याची कल्पना हवालदारसाहेबांची. ठाण्याच्या दारात तीन म्हातारे चादरीत बंदूक घेऊन उभे राहिले तर काय दिसतं, याचा विचार आम्ही दारात पोचल्यावर केला. मुन्शीजी भले होते. त्यांनी चादर सोडली, नळीत डोकावले आणि हसले.

"अरे दादा, ये तो छर्रे वाली है. इसका क्या जमा करोगे?"

"लिहून द्या," काका म्हणाले. मग लक्षात येऊन हिंदीत म्हणाले.

"इसमें लिखने का क्या है? ले जाओ." मग त्यांची नजर मागच्या चकतीवर गेली. "और ये क्या लगाया है?"

काकांनी सांगायला घेतलं. साहजिकच १४ मिलिमीटरपासून. मुन्शीजींनी बंदूक खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. "गोल के अंदर गोल," ते म्हणाले. एक शिपाई आला, त्यानं पाहिलं. चहावाला पोरगा आला, त्यानं ट्रे खाली ठेवून पाहिलं. आतल्या खोलीतून साहेब आले, त्यांनी पाहिलं आणि खुंटीला बोट लावून विचारलं, "और ये?" टिक्. टिक्. टिक्. ठाण्यात शांतता होती, त्यामुळे प्रत्येक क्लिक मला स्वच्छ ऐकू आला, आणि अकाउंट्सचा माणूस असल्यामुळे मी ते मोजले. पण तिथं मधे बोलणार कोण? कोणत्या बाजूला फिरवले, ते मात्र मला दिसलं नाही.

संध्याकाळी नातीनं पहिला छर्रा मारला. मध्यापासून ढळून, उजवीकडे. दुसरा त्याच्याच शेजारी. तिनं बंदूक खाली ठेवली आणि खुर्च्यांकडे पाहिलं. या वेळी सगळ्यांचे चेहरे खरोखर निरागस होते, त्यामुळे तिला ते अधिकच संशयास्पद वाटले असावेत. मी घसा खाकरून म्हणालो, "तीन क्लिक. ठाण्यात." तिनं आरकडे तीन क्लिक फिरवले, छर्रा मारला, तो मध्यावर आला. माझ्या मताचा उपयोग झाल्याची कॉलनीतली ही पहिलीच वेळ, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मग ती आत गेली आणि काकूंची नेलपॉलिश घेऊन आली, लाल. दोन्ही खुंट्यांवर आणि त्यांच्या खालच्या अंगावर मिळून तिनं एकेक बारीक रेघ ओढली, म्हणजे कोणी फिरवलं की रेघ तुटलेली दिसेल. प्लांटमध्ये आवळलेल्या नटांवर अशीच रेघ मारतात. हे तिला कोणी शिकवलं, असं मामांनी विचारलं तर ती म्हणाली, "आजोबांनी. लहानपणी सायकलच्या वेळी."

काकांचा ऊर भरून आला असावा. त्यांनी चष्मा पुसला, बंदूक उजेडात धरली, खुंटीवरची रेघ या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली.

"तिरकी आली आहे थोडी," ते म्हणाले, आणि मला टॉर्च आणायला सांगितला.